मिकी कोरिया आणि मुंबईचे जॅझवाले

गेल्या वैशाखांत कोहमाऱ्याच्या नाक्यावर एक वरात अडकून पडली होती. ज्यांनीं हें ठिकाण पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं सांगावयाचें म्हणजे, नागपुराहून रायपूरकडे व पुढें कलकत्त्याकडे जाणारा हमरस्ता गोंदिया जिल्ह्याच्या जंगलपट्टींतून जातांना येथें गोंदियाच्या वाटेला भेटतो. मालमोटारींची रांग संपेना आणि नवरदेवाचा घोडा बिथरूं लागला, तेव्हां बॅण्डवाल्यांनीं रस्त्याच्या कडेलाच उभें राहून वाजविण्यास आरंभ केला. ढोल, ताशे, दोन ट्रंपेट, आणि त्यांच्यामध्यें वांकड्या मानेचें, ठिकठिकाणीं डाख दिलेलें एक पितळी वाद्य. त्यावर 'अलबेला' या १९५१ सालच्या चित्रपटांतील एक चाल अशा लाडिक वळणानें वाजत होती कीं, नाक्यावरच्या चहावाल्याची मानहि हालूं लागली. वादक पन्नाशीच्या पुढचे होते. वाजविणें थांबल्यावर मीं त्यांना विचारलें, "हें कोठें शिकलांत?" ते म्हणाले, "मामापासून शिकलो जी. कागद वाचता येत नाही आपल्याले."

कागद म्हणजे पाश्चात्य पद्धतीची स्वरलिपि. ती वाचतां न येणाऱ्या या गृहस्थांच्या बोटांतून जें वळण निघत होतें, तें मात्र कागद वाचणाऱ्यांनींच आपल्या संगीतांत आणलेलें होतें. 'अलबेला'चे संगीतदिग्दर्शक सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याकडे शास्त्रोक्त गायन शिकलेले. त्यांच्या चालींना जो परदेशी डौल चढला, तो चढविण्यांत चिक् चॉकलेट या ट्रंपेटवादकाचा मोठा हात होता. हें अर्थातच टोपणनांव. खरें नांव अंतोनियु शाव्हियर वाझ, आणि गांव बार्देशांतील हळदोणें. चिक् चॉकलेट यांचा बॅण्ड वाजे तो मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत; आणि त्याच हॉटेलांत १९३९ पासून सुमारें एकवीस वर्षें ज्यांचा बॅण्ड वाजत राहिला, ते सॅक्सोफोनवादक मिकी कोरिया हे प्रस्तुत लेखाचे नायक आहेत. कोहमाऱ्याच्या नाक्यापासून ताजच्या नृत्यशाळेपर्यंत जाणारी ही वाट आपल्या संगीताच्या इतिहासग्रंथांत दाखविलेली नसते.

नसण्याचें कारण उघड आहे, आणि तें आपल्याला फारसें भूषणावह नाहीं. आमच्या घरचेंच उदाहरण देतों. माझे वडील गाण्याचे शोकी. अब्दुल करीमखां आणि हिराबाई यांच्या तबकड्या ते रुमालानें पुसून मगच लावीत, आणि दाढी करतांना मात्र 'अलबेला'चीं गाणीं गुणगुणत. मी बारा वर्षांचा असतां क्लॅरिनेट शिकूं का, असें त्यांना विचारलें. वर्तमानपत्रांतून मान वर न काढतां त्यांनीं प्रतिप्रश्न केला, "बॅण्डवाला व्हायचें आहे का?" विषय तेथेंच मिटला. गाणें घरांत, वाजविणारा घराबाहेर, ही व्यवस्था आपल्या सुशिक्षित वर्गानें फार वर्षें निष्ठेनें पाळली आहे.

तें वाद्य जरा निरखून पाहूं. सॅक्सोफोन हा वाद्यांच्या कुळांत अगदीं अलीकडचा. बेल्जममधील दिनां या गांवीं १८१४ सालीं जन्मलेल्या आदोल्फ साक्स नांवाच्या कारागिरानें १८४६ सालीं पॅरिस येथें त्याचें पेटंट घेतलें. अंग पितळेचें असूनहि जातीनें तें लांकडी सुषिर वाद्यांत मोडतें. कारण त्याचा आवाज वादकाच्या ओठांच्या कंपनानें निघत नाहीं, तर मुखाशीं बसविलेल्या वेतासारख्या बोरूच्या पातळ पत्तीनें निघतो. आपल्या सनईची पत्ती दुहेरी, याची एकेरी. पितळेचा बुलंदपणा आणि लांकडाचा मऊपणा एकत्र आणावा, ही साक्सची कल्पना. तिचा उपयोग प्रथम केला तो फ्रेंच लष्करी बॅण्डांनीं. साक्स स्वतः कोर्टकज्ज्यांत आणि दिवाळखोरींत भरडला जाऊन १८९४ सालीं वारला. आपल्या वाद्याला खरी वाणी फुटलेली त्याला ऐकावयास मिळाली नाहीं. ती दिली अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांनीं, पुढल्या शतकांत.

जॅझ म्हणजे काय, हें सांगण्यास अनेक ग्रंथ खर्ची पडले आहेत. ख्याल ऐकणाऱ्या मराठी माणसाला तें एका शब्दांत सांगतां येतें : उपज. बंदिश ठरलेली, तालाचें आवर्तन ठरलेलें, आणि त्या चौकटींत गवई जें त्या क्षणीं रचतो तेंच त्याचें गाणें. १९३९ सालीं कोलमन हॉकिन्स या सॅक्सोफोनवादकानें 'बॉडी अँड सोल' या गीताची तबकडी भरली. मूळ चाल आरंभीं ओझरती दाखवून हा मनुष्य पुढें तीन मिनिटें केवळ बढत करीत जातो. आपल्याकडील एखाद्या बुवांना ती ऐकविली असती, तर भाषा परकी वाटली असती, पण व्यवहार ओळखीचा वाटला असता. फरक इतकाच कीं, आपली बढत एका षड्जाच्या आधारानें चालते, तर जॅझमधील वादकाच्या पायाखालची जमीन दर एकदोन मात्रांनीं बदलत असते, आणि त्या बदलत्या स्वरमेळाचें भान ठेवूनच त्याला पाऊल टाकावें लागतें.

हें भान येण्यास स्वरलिपि व स्वरमेळ यांचें शिक्षण लागतें. आणि हिंदुस्थानांत तें शिक्षण गरिबांच्या मुलांना फुकट मिळण्याची जागा एकच होती, ती म्हणजे गोव्यांतील चर्चची शाळा. तेथें पोरें अक्षरांबरोबर दो-रे-मी गिरवीत आणि व्हायोलिन हातांत धरीत. शिकविणाऱ्यांचा हेतु प्रार्थनेच्या वेळच्या गायनाची सोय व्हावी एवढाच होता. परंतु गोव्याची जमीन थोडी, नोकऱ्या त्याहून थोड्या. म्हणून शिकलेली मुलें मुंबई, कराची, कलकत्ता, पूर्व आफ्रिका अशीं पांगलीं. संस्थानिकांचे बॅण्ड, लष्करी बॅण्ड, मूकपटांच्या थिएटरांतील वाद्यवृंद, सर्कशी, हॉटेलें, जेथें म्हणून कागद पाहून वाजविणारा हवा तेथें गोमंतकीय दिसूं लागला. मंगेशीचे दीनानाथ, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई यांना आपण डोक्यावर घेतलें, आणि तें योग्यच झालें. त्याच मातींतून, चार कोसांवरच्या दुसऱ्या एखाद्या वाड्यांतून निघालेल्या वाझ, कोरिया, फर्नांडिस यांचीं नांवें मात्र आपल्या कानीं आलीं नाहींत.

मिकी कोरिया यांचा जन्म १९१३ सालचा, आणि तोहि गोव्यांतला नव्हे, तर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोंबासाचा. इंग्रजांनीं मोंबासाहून युगांडाच्या दिशेनें आगगाडी नेण्यास १८९६ सालीं आरंभ केला. त्या काळापासून गोमंतकीय कारकून, दर्जी, स्वयंपाकी यांची तेथें वस्ती वाढत गेली होती. मिकी वाढले मात्र कराचीस. तेथें गोमंतकीय ख्रिस्त्यांचा भरभराटलेला समाज होता. त्याच शहरांत 'कोरिया ऑप्टिमिस्ट्स' या नांवाच्या बॅण्डांतून त्यांचें वादन सुरू झालें. ऑप्टिमिस्ट्स म्हणजे आशावादी! जगभर मंदीनें कारखाने बंद पाडलेल्या त्या दशकांत बॅण्डाला असें नांव ठेवणाऱ्यांचें कौतुक वाटतें. पुढें तिशीच्या दशकाच्या उत्तरार्धांत ते मुंबईस आले आणि बेप्पो दि सियाती यांच्या वाद्यवृंदांत वाजवूं लागले.

मुंबईला तेव्हां जॅझची नवी चटक लागली होती. १९३५ सालीं लिऑन ॲबी हे कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला अमेरिकन ताफा घेऊन ताजमध्यें आले. त्यांच्यामागून कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ, आणि शिकागोंत लुई आर्मस्ट्राँगच्या जोडीनें वाजविलेले पियानोवादक टेडी वेदरफर्ड. स्वदेशांत ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलांत मागच्या दारानें जावें लागे, ते हे कलावंत जमशेटजी टाटांनीं १९०३ सालीं उघडलेल्या वास्तूंत अग्रस्थानीं बसत. वेदरफर्ड तर इकडचेच होऊन गेले; १९४५ च्या एप्रिलांत कलकत्त्यास पटकीनें त्यांचा अंत झाला. मुंबईचें ताज आणि कलकत्त्याचें ग्रँड हीं या मंडळींचीं दोन मोठीं बिऱ्हाडें. या दोन शहरांना नागपूरवरून जोडणारी आगगाडी आमच्या गोंदियावरून जाते.

या अमेरिकन पाहुण्यांच्या ताफ्यांत इकडचे वादकहि घेतले जात; कावसजी खटाव हे पारशी गृहस्थ, जे रूडी कॉटन या नांवानें सॅक्सोफोनवादक म्हणून गाजले, ते वेदरफर्ड यांच्याबरोबर वाजवीत. छापील कागदांतून जें कळत नव्हतें तें शेजारीं बसून कळूं लागलें. स्वर कोठें किंचित उशिरा घ्यावा, कोठें तो घासावा, समेला कसें चकवावें, हें लिहितां येत नाहीं. आपल्याकडे ज्याला तालीम म्हणतात ती हीच.

अशा वातावरणांत १९३९ सालीं कोरिया यांनीं ताजमध्यें स्वतःचा बॅण्ड उभा केला. नृत्यशाळेचा बॅण्डनायक म्हणजे हातांत काठी घेऊन वारा घालणारा शोभेचा पुरुष, असा आपला समज असेल तर तो सोडावा लागेल. कोरिया सॅक्सोफोन व क्लॅरिनेट दोन्ही वाजवीत. लंडन-न्यूयॉर्कहून आलेले छापील कागद वादकांना वांटून द्यावयाचे, जें वाद्य आपल्याकडे नाहीं त्याची ओळ दुसऱ्याकडे सोंपवावयाची, नवशिक्याला सांभाळून घ्यावयाचें, आणि सर्वांत अवघड म्हणजे, समोर नाचणाऱ्यांचे पाय पाहून पुढली चीज कोणती याचा निर्णय घ्यावयाचा. फॉक्सट्रॉट झाल्यावर वॉल्ट्झ घ्यावा कीं रुंबा, यांत चूक झाली तर सारी मंडळी टेबलांकडे परततात. तमाशांतील ढोलकीवाला आणि कीर्तनांतील झांजकरी यांना हें ज्ञान असतें. पुस्तकांत तें सांपडत नाहीं. महायुद्धाच्या वर्षांत मुंबई परदेशी सैनिकांनीं भरून गेली होती. उद्यां ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जावयाचें आहे अशीं पोरें रात्रीं नाचत. त्यांच्यासमोर रोज हसतमुखानें वाजविणें हें काम दिसतें तितकें हलकें नसावें.

आतां एका रात्रीविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. १९४७ सालच्या १४ ऑगस्टची ती मध्यरात्र. मुंबईचे रस्ते दिव्यांनीं आणि माणसांनीं फुलले होते, आणि ताजमध्यें त्या रात्रीं जे दोन बॅण्ड वाजत होते, त्यांपैकीं एक चिक् चॉकलेट यांचा व दुसरा मिकी कोरिया यांचा. स्वातंत्र्याच्या स्वागताचें संगीत या माणसाच्या सॅक्सोफोनांतून निघत होतें. आणि त्याचें घर कोठें होतें तें पाहा. ज्या कराचींत तो लहानाचा मोठा झाला, ती त्याच दिवशीं पाकिस्तान नांवाच्या नव्या राष्ट्राची राजधानी झाली होती. ज्या मोंबासांत तो जन्मला, तेथें इंग्रजांचा अंमल चालूच होता. केनिया स्वतंत्र होण्यास १९६३ साल उजाडावें लागलें. आणि ज्या गोव्याचें रक्त त्याच्या अंगांत होतें, तें पोर्तुगिजांच्या ताब्यांत होतें आणि आणखी चौदा वर्षें, १९६१ च्या डिसेंबरपर्यंत, राहणार होतें. जन्मभूमि, बालपणाची भूमि आणि पितृभूमि, तिन्हीं त्या रात्रीं स्वतंत्र हिंदुस्थानच्या सीमेबाहेर होत्या. सीमेच्या आंत होता तो त्याचा बॅण्ड. आपण इतिहासाचे प्राध्यापक ती रात्र शिकवितों ती दिल्लीच्या घटनासभेंतून. ताजमधील त्या व्यासपीठावरून ती शिकवावी, असें अलीकडे मला वाटूं लागलें आहे. फाळणी म्हणजे काय हें विद्यार्थ्यांना तेथून अधिक लवकर समजेल.

स्वातंत्र्यानंतर या मंडळींचे दिवस फिरले. इंग्रज गेले, संस्थानिकांचीं संस्थानें गेलीं, अँग्लोइंडियन कुटुंबें परदेशीं निघालीं, आणि १९५० पासून मुंबई इलाख्यांत संपूर्ण दारूबंदी आली. दारूबंदीस माझा तात्त्विक विरोध नाहीं. तथापि मद्यालय ओस पडलें म्हणजे नृत्यशाळाहि ओस पडते, ही नोंद इतिहासकाराला करावीच लागते. वादकांनीं मग दुसरें दार ठोठावलें, तें चित्रपटांचें. तेथें त्यांची निकड होती. संगीतदिग्दर्शक पेटीवर चाल सांगत. ती चाळीस-पन्नास वादकांत वांटावयाची, व्हायोलिननें काय करावें, सॅक्सोफोननें मधल्या जागा कशा भराव्या, हें लिहून काढणारा हवा असे. लाहोरहून आलेले सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांनीं तें काम वर्षानुवर्षें केलें. पडद्यावर नांव येई तें दिग्दर्शकाचें.

अँथनी गोन्साल्विस यांची हकीकत विशेष बोलकी आहे. माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक प्यारेलालजींचे गुरु. १९५८ सालीं त्यांनीं स्वतःचा वाद्यवृंद उभारून रागसंगीत व पाश्चात्य वाद्यमेळ यांचा संगम करण्याचा प्रयत्न केला. पुढें १९७७ सालीं त्यांच्या शिष्यानें संगीत दिलेल्या एका चित्रपटांत त्यांचें नांव एका विनोदी गीतांत गुंफलें गेलें, आणि तें नांव घरोघरीं पोंचलें. ज्या नांवाच्या माणसाचें काम कोणाला ठाऊक नव्हतें, त्याचें नांव मुलाबाळांच्या तोंडीं झालें! शिष्यानें तें प्रेमानें केलें यांत शंका नाहीं; परंतु ऐकणाऱ्या आपल्यांपैकीं किती जणांनीं विचारलें कीं, हा कोण?

कोरिया मात्र ताजमध्येंच वाजवीत राहिले. यावर एक आक्षेप मला स्नेह्यांकडून ऐकावा लागला आहे, आणि तो टाळण्याजोगा नाहीं. ते म्हणतात, या लोकांनीं दुसऱ्याच्या चिजा वाजविल्या, परक्यांच्या नाचाला साथ केली. यांत निर्मिति ती कोणती? पहिल्या भागाचें उत्तर सोपें आहे. आपला गवईहि दोनशें वर्षांपूर्वींची बंदिश गातो, आणि आपण तिच्या कर्त्याला नव्हे, गाणाऱ्याला दाद देतों. दुसऱ्या भागाचें उत्तर तितकें सोपें नाहीं. नाचणाऱ्याला दीर्घ बढत नको असते. त्याला पाय टाकण्यास ठोका हवा असतो. कोरिया यांच्या पिढीला स्वतःचें म्हणणें मांडण्यास मोकळीक थोडी मिळाली, आणि मिळाली तेथेंहि नवीन रचना थोड्या झाल्या, हें कबूल केलें पाहिजे. ती मोकळीक पुढल्या पिढीनें घेतली. नेवऱ्याचे ब्राझ गोन्साल्विस यांनीं सॅक्सोफोनवर रागांचे स्वर धरले. १९७० सालीं 'रागा रॉक' ही त्यांची तबकडी निघाली. त्यांच्या पत्नी इव्हॉन या चिक् चॉकलेट यांच्या कन्या, हें कळल्यावर 'घराणें' हा शब्द आठवल्यावांचून राहत नाहीं. १९७८ सालीं निरंजन झवेरी यांच्या पुढाकारानें मुंबईंत 'जॅझ यात्रा' हा उत्सव भरला, त्यास सॉनी रोलिन्ससारखा जगद्विख्यात सॅक्सोफोनवादक आला. तेथें जमलेल्या श्रोत्यांचा कान कोणी तयार केला होता, याचें उत्तर ताजच्या त्या एकवीस वर्षांत शोधावें लागेल.

परंतु शोधावें कशांत? तबकडीच्या एका बाजूस मिनिटें मावत तीन. आणि ताजमधील त्या हजारों रात्रींपैकीं तबकड्यांवर उतरलें तें नाममात्र. आमच्या झाडीपट्टींत हा प्रश्न नवा नाहीं. भाताची कापणी उरकली कीं गांवोगांवच्या मंडईंत नाटकें होतात, पहाटेपर्यंत हजारों माणसें थंडींत बसून तीं पाहतात, आणि उजाडल्यावर मागें उरतें तें उलटलेलें गवत आणि फुटक्या शेंगांचीं टरफलें. त्या रात्रीं कोणीं कसें गाइलें हें सांगणारा कागद नसतो. अशा कलेचा इतिहास माणसांच्या आठवणींतून गोळा करावा लागतो, आणि तोहि माणसें जिवंत आहेत तोंवर. नरेश फर्नांडिस यांनीं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या २०१२ सालच्या इंग्रजी ग्रंथांत हें काम मुंबईच्या जॅझपुरतें केलें. त्या तोडीचें पुस्तक मराठींत व्हावयास हवें होतें; कारण तें शहर आपलें, आणि त्यांतलीं अर्धीं गांवेंहि आपलीं.

मिकी कोरिया यांना आयुष्य दीर्घ लाभलें. ताज सोडल्यावर ते शिकवीत राहिले. २०११ सालीं, शंभरी अवघी दोन वर्षें दूर असतां, मुंबईंत त्यांचें निधन झालें. त्यांच्या कन्या क्रिस्टीन या अमेरिकेंत जॅझ गातात.

पावसाळ्यापूर्वीं पुन्हा कोहमाऱ्यास गेलों, तेव्हां ते बॅण्डवाले गृहस्थ चहाच्या टपरीवर भेटले. वाद्य कापडांत गुंडाळून मांडीवर घेतलें होतें. मीं त्यांना मिकी कोरिया यांच्याविषयीं पुष्कळ सांगितलें. मोंबासा, कराची, तो मध्यरात्रीचा नाच. त्यांनीं सारें शांतपणें ऐकून घेतलें, बशींतला चहा संपविला आणि विचारलें, "एकवीस साल एकाच जागी वाजवलं, म्हणता? अन् सुपारी किती भेटे जी त्यायले?"